मासळी कुठली आहे ते आधी सांगा : महामार्गावरील एका मत्स्यभोजनालयाच्या चालकांस खुले पत्र

प्रति,
मा. मालक, व्यवस्थापक आणि मुख्य आचारी यांस,

विषय : आपल्या भोजनालयातील मासळीचा ताजेपणा, तिची ओळख आणि तिचा दर यांबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपल्या भोजनालयाचे नाव मी या पत्रात मुद्दाम घातलेले नाही. आपण हे पत्र वाचताच ते कोणासाठी आहे हे ओळखाल, आणि मला तेवढेच पुरेसे आहे. मला कोणाचा धंदा बुडवायचा नाही, मला उत्तर हवे आहे. जुलै महिन्यातील त्या रात्री मी माझी तक्रार व्यवस्थापकांना तोंडी सांगितली, अभिप्रायाच्या वहीत सविस्तर लिहिली, खाली माझा फोन क्रमांकही दिला. परंतु आपल्याकडून एका ओळीचेही उत्तर आलेले नाही. शिवाय नागपूरहून भंडारा, साकोली, देवरीकडे जाणाऱ्या या महामार्गावर मोठ्या खर्चाची, वातानुकूलित, समुद्री मासळीच्या नावाने चालणारी भोजनालये आता उभी राहू लागली आहेत. जे आपल्याला सांगायचे आहे ते त्या सर्वांनाच सांगण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे.

आम्ही साकोली तालुक्यातील ढिवर समाजाचे लोक आहोत. माझे वडील डोंग्यातून फेकजाळे टाकत, आणि आईने हयातभर आठवडी बाजारात टोपली मांडून मासोळी विकली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धाकट्या भावाला नोकरी लागली, त्या निमित्ताने त्यानेच आईला आपल्याकडे जेवायला नेण्याचे ठरवले, कारण समुद्राची ताजी मासोळी आईने आयुष्यात कधी खाल्ली नव्हती. आमच्याकडे समुद्राचे जे काही पोहोचते ते सुकट, बोंबील आणि झिंगे अशा वाळल्या रूपातच पोहोचते, आणि तेही आम्ही आवडीने खातो. त्यामुळे आम्ही दोष शोधायला आलो नव्हतो. आम्ही मनापासून, हौसेने आलो होतो, आणि खर्च किती होईल याची साधारण कल्पना करूनच आलो होतो.

प्रथम पापलेटाविषयी लिहिते. सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या राज्य शासनाने ज्याला राज्य मासा म्हणून घोषित केले तो हा मासा, आणि ज्या मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी ती घोषणा केली ते श्री. सुधीर मुनगंटीवार आपल्याच चंद्रपूरचे. त्यामुळे समुद्र कधी न पाहिलेल्या माणसांनाही विदर्भात पापलेटाचे नाव ठाऊक झाले आहे. मासा ताजा आहे का, असे भावाने विचारले तेव्हा वाढप्याने सांगितले की तो आजच सकाळी मुंबईहून आला आहे. आपल्या मेनूकार्डावरही पहिल्याच पानावर ‘आजची ताजी पकड’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. परंतु महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हा मासळीच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून ही बंदी आहे. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे हे खरे. पण त्या होड्या किनाऱ्याजवळून जे थोडेफार आणतात ते आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून, दररोज सकाळी, एकसारख्या आकाराच्या पापलेटांच्या रूपात आपल्या स्वयंपाकघरात पोहोचत असेल, हे कोणालाही पटणार नाही.

आपल्या वाढप्याने ‘विशाखापट्टणमची मासळी आहे’ असे सांगितले असते तर आम्ही विश्वास ठेवला असता. पूर्व किनाऱ्यावरील बंदी 15 एप्रिलपासून 14 जूनपर्यंत असते, म्हणजे जुलैत तिकडच्या नौका समुद्रात असतात. ‘बंदीच्या आधी पकडून गोठवलेली आहे’ असे सांगितले असते तरी आम्ही ती मागवली असती, कारण नीट गोठवलेला मासा हा काही वाईट मासा नसतो. पकडल्याबरोबर वेगाने गोठवला, उणे 18 अंशांखाली अखंड ठेवला आणि एकदाच, शीतकपाटात सावकाश वितळवला, तर त्याची चव बऱ्याच अंशी टिकते. मासा बिघडतो तो हलगर्जीपणाने: वाटेत वीज गेली, खोके वितळले, पुन्हा गोठवले. सावकाश गोठताना मांसातील पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळताना सगळा रस निथळून जातो. आईने पापलेटाच्या पाठीवर बोट दाबून पाहिले, मांस दबले ते दबलेलेच राहिले. कडेचा भाग पांढरा, कोरडा आणि चिवट झालेला होता. ती एवढेच म्हणाली, “हे मासोळी दोनदा बरफात जाऊन आली आहे.” आमच्या बाजारातही आंध्रची रोहू आणि कतला थर्माकोलच्या खोक्यांतून बर्फात येते. ती उघडून, हाताळून, विकून आईचे आयुष्य गेले आहे, आणि बर्फाची मासोळी कोणत्या अवस्थेत आहे हे सांगण्यात ती चुकत नाही.

वासाविषयीही लिहिणे आवश्यक आहे. पूर्व विदर्भात अनेक जण समजतात की समुद्राच्या मासोळीला वास येतोच, आणि म्हणून ती आपल्याला मानवत नाही. वस्तुस्थिती तशी नाही. समुद्री माशाच्या अंगात एक द्रव्य असते, ज्यामुळे तो खाऱ्या पाण्यात तग धरतो. मासा मेल्यावर जंतू त्या द्रव्याचे रूपांतर ट्रायमिथाइलअमाइनमध्ये करतात, आणि आपण ज्याला समुद्राचा वास म्हणतो तो बहुतांशी या रूपांतराचा वास असतो. गोड्या पाण्यातील माशांत ते द्रव्य फारच थोडे असते. म्हणजे ताज्या पापलेटाला तो उग्र दर्प नसतो, तो शिळ्या पापलेटाला असतो. आपल्या ताटातील मासा लाल रंगाच्या, लसणाच्या आणि तिखटाच्या जाड थराखाली झाकलेला होता, तरी घास तोंडाजवळ नेताच तो दर्प आला. आपल्या जिल्ह्यातील शेकडो कुटुंबे आयुष्यातील पहिला समुद्री मासा आपल्याकडे खाणार आहेत. त्यांना शिळा मासा वाढला तर ती आपल्याला दोष देणार नाहीत, ती समुद्रालाच दोष देतील, आणि कोकणात मेहनतीने मासळी धरणाऱ्या माणसांवर हा अन्याय आहे.

यापेक्षाही गंभीर बाब रावसाची आहे. रावस हा खवल्यांचा मासा आहे. त्याचे मांस किंचित गुलाबीसर, घट्ट आणि शिजल्यावर पाकळ्यांसारखे सुटणारे असते, हे मी मुंबईत माझ्या नणंदेकडे दोन-तीन वेळा खाऊन जाणते. आपण ‘तवा रावस’ म्हणून जे वाढले त्याच्या एका बाजूला कातडी होती. ती पूर्ण गुळगुळीत होती, तिच्यावर खवला काढल्याची एकही खूण नव्हती. मांस पांढरेफटक आणि मऊ होते, त्यात पाकळी नव्हती, काटा नव्हता, चवही नव्हती. आईने आणि भावाने एकाच वेळी सांगितले की हा पंगस, म्हणजे गोड्या पाण्यातला बिनखवल्यांचा मासा, आहे. पंगस म्हणजे काही विषारी मासा नव्हे. तो पिंजरा पद्धतीने विदर्भातील धरणांतही वाढवला जातो, आमच्या बाजारात स्वस्त मिळतो, त्यावर अनेक घरे पोट भरतात, आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू अजिबात नाही. आक्षेप एवढाच आहे की पंगसाला पंगस म्हणावे आणि त्याचा दर पंगसाचा असावा. मी व्यवस्थापकांना कच्चा तुकडा दाखवण्याची विनंती केली. आम्हाला स्वयंपाकघरात नेता येत नाही, असे उत्तर मिळाले. मग तुकडा बाहेर आणून दाखवा म्हटले, तर साठा संपला असे सांगण्यात आले. त्यानंतर आमच्या शेजारच्या टेबलावर पुन्हा तोच पदार्थ गेला.

अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, 2006 च्या कलम 50 मध्ये, ग्राहकाने जी वस्तू मागितली तिच्याहून वेगळ्या प्रकारची किंवा दर्जाची वस्तू विकणाऱ्याला दंड करण्याची तरतूद आहे, हे आपल्या नजरेस आणून देते. मी अद्याप कोणत्याही कार्यालयाकडे गेलेली नाही, कारण आधी आपल्याला बोलण्याची संधी मिळावी असे मला वाटते.

कोळंबी रबरासारखी झाली होती. ती फार वेळ आचेवर राहिली एवढाच तिचा दोष. सोलकढीत आमसुलाचा आंबटपणा नव्हता आणि नारळाचा गोडवाही नव्हता, केवळ गुलाबी रंग होता. भाताविषयी मात्र दोन शब्द जास्त लिहिते. आपले भोजनालय धानाच्या बांध्यांच्या मधोमध उभे आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो शिजला की त्याचा सुवास शेजारच्या घरापर्यंत जातो, आणि मासोळीच्या रश्श्याबरोबर त्याच्याइतका भात कुठलाच लागत नाही, असे आम्ही तरी मानतो. आपण बाहेरून आणलेला लांब दाण्याचा, सुटा, बेचव भात वाढला. आपल्या दारासमोरून तो धान ट्रॅक्टरमधून जात असताना हे का घडावे, याचे कारण मला समजून घ्यायचे आहे. खर्च हे कारण असू शकत नाही, कारण आपण भाताचे जे पैसे घेतले त्यात चांगला चिन्नोर सहज बसतो.

आता दराकडे वळते. आपल्या मेनूकार्डावर पापलेट, रावस आणि खेकडा यांच्यापुढे किंमत नाही. ‘आकारानुसार दर’ असे लिहिले आहे. मुंबई-कोकणात ही पद्धत रूढ आहे हे मला ठाऊक आहे, आणि मासा लहानमोठा असतो म्हणून ती योग्यही आहे. परंतु तिकडच्या चांगल्या भोजनालयांत परातीत मासा आणून दाखवतात, ग्राहक तो निवडतो, दर ऐकतो आणि मग होकार देतो. आपल्याकडे मासा दाखवला नाही, वजन सांगितले नाही, दर बिलावरच प्रथम दिसला. पापलेट तळहाताएवढाही नव्हता, आणि त्याची किंमत मात्र मोठ्या माशाची लावली होती. इतका लहान पापलेट पकडला जाऊच नये, तो एकदा तरी विणीला यावा, यासाठी शासनाने पकडण्याजोग्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली आहे. आपला मासा त्या मर्यादेच्या किती जवळ होता हे मी मोजू शकले नाही, पण आपण विकत घेताना ते नक्कीच पाहू शकता. आमच्या आठवडी बाजारात ढिवर बाई मासोळी काट्यावर टाकते, पारडे स्थिर होऊ देते, दर सांगते, आणि गिऱ्हाईक नको म्हणाले तर मासोळी परत टोपलीत ठेवते. एवढी साधी खात्री आपल्या रोषणाईच्या दालनात आम्हाला मिळू नये, याचे मला दुःख झाले.

बिलात दहा टक्के सेवाशुल्कही जोडलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही हॉटेलने हे शुल्क आपोआप बिलात लावता कामा नये. ते देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या आहेत. मी ते काढण्यास सांगितले तेव्हा संगणकातून ते निघत नाही, असे सांगण्यात आले. वाढप्याच्या कष्टाचे पैसे देण्यास आमची ना नव्हती आणि आम्ही ते त्याच्या हातात वेगळे दिलेही. तो गोंदिया जिल्ह्यातील वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता, त्याने आम्हाला अत्यंत आदराने वागवले. ‘आज सकाळी मुंबईहून’ हे वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते, ते त्याला शिकवलेले होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजत होते. त्याच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

यावर कोणी म्हणेल की समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांनी समुद्राच्या मासळीची अपेक्षाच करू नये. हे मला मान्य नाही. आमच्या तालुक्यापासून कोणत्याही दिशेला साधारण पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही, हे खरे आहे. परंतु माशाच्या वजनाइतका बर्फ घालून, बर्फ आणि मासा यांचे थर नीट लावून पाठवलेली मासळी इतके अंतर सहज सोसते. हावडा-मुंबई लोहमार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, महामार्ग आहे, शीतवाहने आहेत. अंतराचा दोष नाही. आणि खेड्यातल्या माणसाला चवीतले काय कळते, असा विचार जर आपल्या स्वयंपाकघरात कोणी करत असेल, तर तो त्याने तत्काळ सोडावा, कारण पूर्व विदर्भात मासोळीची पारख घरोघरी आहे.

ही पारख आमच्या तलावांतून आली आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भागात हजारो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे गेले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. नवेगावबांध हा त्यांतला सर्वांना माहीत असलेला. या तलावांत रोहू, कतला, मृगळ आहेत, मरळ आहे, वाम आहे, झिंगे आहेत. आपल्या भोजनालयाच्या मागील भिंतीपासून एक तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि त्याचा ठेका ढिवरांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे आहे. आपल्या मेनूकार्डाची सर्व पाने मी वाचली. त्या तलावातील एकही मासा त्यात नाही. आपण दालनाच्या भिंतीवर सजावटीसाठी जाळे टांगले आहे, मग ज्यांचे ते जाळे आहे त्यांची मासोळी आपल्या ताटात का नसावी, हा माझा खरा प्रश्न आहे.

मी समुद्राच्या मासळीच्या विरोधात नाही. पण जुलैमध्ये मुंबईचा ताजा पापलेट मिळत नसेल तर तो मेनूकार्डावर नसावा, आणि त्या जागी जे खरोखर मिळते ते असावे. आमच्या तलावांचेही ऋतू असतात. पावसाळ्यात संस्था तलावात मत्स्यबीज सोडतात आणि मोठी मासेमारी थांबते. पाणी सिंचनाला गेले, तलाव उतरला की हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जाळी पडतात. पण मरळ हा हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा आहे, तो थोड्या पाण्यात कित्येक तास जिवंत राहतो, म्हणून तो जिवंतच विकला जातो आणि आपल्याकडे टाकीत ठेवून ग्राहकाला दाखवताही येईल. त्याचे मांस घट्ट, काटे कमी, आणि बाळंतिणीला, आजाऱ्याला तो आमच्याकडे आवर्जून देतात. जवसाच्या तेलात तळलेली मासोळी, चिंचेच्या आंबटाचा पातळ रस्सा आणि चिन्नोरचा भात हे जेवण आपल्या आचाऱ्यांनी एकदा मनापासून करून पाहावे. नागपूर-रायपूरचा जो प्रवासी नागझिऱ्याला वाघ पाहायला येतो, त्याला हे जेवण दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मेनूकार्डावर प्रत्येक माशापुढे तो कोणत्या बंदराचा किंवा तलावाचा आहे आणि ताजा की गोठवलेला हे मराठीत लिहावे. आकारानुसार दर घ्यायचा असेल तर मासा दाखवून, वजन करून, दर सांगून मगच तो आचेवर जावा. रावसाच्या नावाखाली दुसरा मासा जाणार नाही याची हमी आपण लेखी द्यावी, आणि त्या रात्री जे वाढले ते नेमके काय होते याचा खुलासा खरेदीच्या पावतीसह करावा. सेवाशुल्क संगणकातून काढून टाकावे. आमचे पैसे परत मिळावेत अशी मागणी मी करत नाही.

हे पत्र प्रसिद्ध झाल्यापासून महिनाभर मी आपल्या उत्तराची वाट पाहीन. त्यानंतर बिलाची प्रत जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर रीतसर तक्रार नोंदवीन. दरम्यान आमच्या गावच्या मत्स्यव्यवसाय संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी मी बोलले आहे. दोन दिवस आधी निरोप मिळाला तर जिवंत मरळ आपल्या दारात आणून देण्याची त्यांची तयारी आहे. दर बाजाराचा, वजन दोघांसमोर, आणि पैसे त्याच दिवशी रोख. आपला माणूस पहाटे पाचच्या सुमारास तलावाच्या पाळीवर पाठवावा. त्याच वेळी जाळे बाहेर येते, आणि हवी ती मासोळी त्याला स्वतः निवडता येईल.

आपली,
साकोली तालुक्यातील एक शिक्षिका